तबकडींत न मावलेला ढोल

गायनवादनाची बैठक संपली म्हणजे दुसऱ्या दिवशीं चर्चा होते ती मुख्य कलावंताची. साथीला कोण होतें, हें आवर्जून विचारणारा रसिक शंभरांत एखादाच. पाश्चात्य वाद्यमेळांतही ही रीत निराळी नाहीं. जाझ नांवाच्या ज्या संगीतप्रकारानें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अर्ध्या जगाला वेड लाविलें, त्यांतील लुई आर्मस्ट्राँगसारख्यांचीं नांवें आपल्याकडीलही पुष्कळांच्या कानांवर आहेत. परंतु त्याच लुईच्या पाठीमागें बसून ज्यानें ठेका सांभाळला, त्या वॉरेन डॉड्सला ओळखणारे थोडेच. घरांत सर्वांत धाकटा म्हणून त्याला ‘बेबी’ म्हणत. आणि साठ वर्षांचा होऊन तो वारला तरी लोकांच्या लेखीं तो शेवटपर्यंत बेबी डॉड्सच राहिला.

त्याची हकीकत सांगण्याजोगी वाटते ती आणखीही एका कारणासाठीं. ध्वनिमुद्रणाचें यंत्र आणि ढोल यांचें पहिल्यापासून वांकडें. वादकाची कीर्ति पुढील पिढ्यांपर्यंत नेणारें जें साधन, त्यानेंच त्याच्या वाद्याला दाराबाहेर उभें करावें, अशी विलक्षण परिस्थिति बेबीच्या वांट्याला आली. आणि ती एकदोन दिवस नव्हे, तर उमेदीचीं सगळीं वर्षें.

न्यू ऑर्लिन्स हें अमेरिकेच्या दक्षिणेंत मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचें बंदर. तेथील एका कृष्णवर्णीय कुटुंबांत बेबी जन्मला. बहुतेक ग्रंथांतून त्याची जन्मतारीख २४ डिसेंबर १८९८ अशी दिलेली आढळते. घरची स्थिति बेताची, पण गाणें घरांत मुरलेलें. वडील आणि चुलते व्हायोलिन वाजवीत आणि सगळें कुटुंब एकत्र बसून धार्मिक पदें म्हणे. वडील भाऊ जॉनी क्लॅरिओनेट वाजवूं लागला, तेव्हां धाकट्यालाही वाद्य हवेंसें झालें. विकत घेण्याची ऐपत नव्हती. मग त्यानें चरबीचा एक रिकामा डबा पैदा केला, त्याला खिळ्यानें भोंकें पाडलीं, आणि आईच्या खुर्च्यांचे आडवे दांडे काढून त्यांच्या काठ्या केल्या. परसांतील भिंतीच्या तळाशीं असलेल्या फळीवर टाचा आपटल्या कीं मोठ्या ढोलासारखा आवाज निघे. खुर्च्यांच्या मालकिणीला हा उद्योग कितपत रुचला असेल, याची कल्पना कोणतीही गृहिणी करूं शकेल; पण जॉनीच्या क्लॅरिओनेटबरोबर हें डबाबडवणें इतकें शोभून दिसे कीं, आळींतलीं सारीं मुलें भोंवतीं जमत. खरें वाद्य त्याच्या हातीं आलें तें सोळाव्या वर्षीं, स्वतःच्या कमाईंतून सांठविलेल्या पैशांनीं.

त्याचें खरें शिक्षण झालें तें मात्र रस्त्यावर. न्यू ऑर्लिन्समध्यें प्रेतयात्रेपुढें वाजंत्री लावण्याची जुनी चाल आहे. गांवांतील परस्परसाहाय्यक मंडळ्या आपल्या सभासदाच्या अंत्ययात्रेसाठीं बँड ठरवीत. स्मशानाकडे जातांना संथ लयींत धार्मिक पदें वाजत. लहान ढोलाच्या खालच्या अंगास ज्या बारीक तारा ताणलेल्या असतात, त्यांच्यामध्यें हातरुमाल सरकवून वादक त्याचा कडकडाट बंद करी. मग त्यांतून एक कोंडलेला, जड आवाज निघे. दफन झालें, मंडळी स्मशानापासून कांहीं अंतरावर आलीं, कीं रुमाल काढला जाई, ढोलाची झड उठे, आणि तीच वाजंत्री नाचाच्या लयींत घराकडे वळे. आपल्या मनाला हा प्रकार प्रथम चमत्कारिक वाटेल. परंतु मृताला मार्गाला लावून आलेल्यांनीं जिवंतांच्या जगांत पुन्हा पाऊल टाकावयाचें, ही त्यामागची कल्पना समजली म्हणजे त्यांतील चमत्कारिकपणा उरत नाहीं. एका रुमालाच्या अंतरानें शोक आणि आनंद हे दोन्ही एकाच वाद्यांतून कसे काढावे, हें बेबी अशा मिरवणुकींतून शिकला. पुढें केवळ जोरानें बडविणाऱ्या ढोलक्यांविषयीं त्याला आदर वाटत नसे; त्याचें मूळ बहुधा येथेंच असावें.

१९१८ पासून १९२१ पर्यंत तो फेट मारेबल याच्या वाद्यमेळांत होता. हा मेळ स्ट्रेकफस कुटुंबाच्या नदींतील आगबोटींवर वाजवी. या बोटी वसंत ऋतूंत न्यू ऑर्लिन्सहून निघत आणि सेंट लुई शहरापर्यंत, क्वचित् त्याहीपुढें, उत्तरेस जात. डेकवर नाचाचा प्रशस्त दिवाणखाना असे. वाजविणारे कृष्णवर्णीय आणि नाचणारे बहुधा गोरे. मारेबल शिस्तीचा कडक. स्वरलिपि वाचतां आल्यावांचून त्याच्यापाशीं निभाव लागत नसे. याच बोटींवर त्याला जो तरुण सोबती मिळाला तो म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. दोघांनींही पुढें नोकरी सोडली ती एकाच कारणानें: नाच कोणत्या लयींत वाजवावा याविषयीं मालकांचा आग्रह त्यांना पटेना. नोकरी गेली तरी चालेल, पण लय सोडावयाची नाहीं, असा हा हट्ट. विशीच्या घरांतल्या, हातीं फारसें कांहीं नसलेल्या मुलांनीं तो धरावा, याचें मला तरी कौतुक वाटतें.

त्या सुमारास जोसेफ ‘किंग’ ऑलिव्हर हा कॉर्नेटवादक कॅलिफोर्नियांत आपला क्रिओल जाझ बँड घेऊन आला होता. बेबी त्याला जाऊन मिळाला आणि १९२२ सालीं सर्वजण शिकागोस लिंकन गार्डन्स या नृत्यगृहांत दाखल झाले. दक्षिणेंतील दारिद्र्य व जुलूम यांना कंटाळून हजारों कृष्णवर्णीय कुटुंबें त्या वर्षांत शिकागोच्या दक्षिण भागांत येऊन राहत होतीं. त्यांच्या करमणुकीचें हें ठिकाण. थोड्याच दिवसांत लुईही येऊन मिळाला. क्लॅरिओनेटवर जॉनी, पियानोवर लिल हार्डिन ही तरुण मुलगी, आणि ढोलावर बेबी.

ऑलिव्हरची एक तक्रार होती: बेबीचा हात जड पडतो. एके दिवशीं त्यानें तारेचे कुंचे आणून बेबीच्या हातीं दिले. यांनीं वाजवल्यास आवाज आपोआप मऊ होतो. बेबीला ते मुळींच आवडले नाहींत. कुंचे बाजूस ठेवून त्यानें काठ्यांनींच हलकें वाजविण्याचा अभ्यास आरंभिला, आणि अखेरीस तो इतका साधला कीं, सगळा मेळ वाजत असतां जमिनीवर घांसणाऱ्या नाचणाऱ्यांच्या पावलांचा आवाज वर चौथऱ्यापर्यंत ऐकूं येई. साधन बदलण्याऐवजीं हात बदलावा, हा विचार आपल्याकडील कोणत्याही घराण्याच्या उस्तादास मान्य व्हावा असाच आहे.

त्याच्या वाजवण्याची रीत थोडक्यांत सांगतों. पायानें मोठा ढोल. हातीं तारांचा लहान ढोल. भोंवतीं झांजा, लांकडी ठोकळे, गुरांच्या गळ्यांतील घंटा, चिनी बनावटीचे रंगीत ढोल. लहान ढोलावर काठ्या किंचित् दाबून धरून तो एक अखंड थरथर काढी, आणि ती नेमकी ठेक्याच्या दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर संपवी. त्यामुळें चालीला पुढें झोंक मिळे. परंतु त्याचा विशेष याहून निराळा. क्लॅरिओनेट पुढें आलें कीं तो एक वाद्य वापरी, कॉर्नेट आलें कीं दुसरें. प्रत्येक आवर्तनाचा रंग वेगळा. आपल्या सोबत्यांपैकीं प्रत्येकाचा स्वभाव ढोलवाल्यानें ओळखावा आणि ज्याला जें हवें तें द्यावें, असें तो म्हणे. ख्यालाची साथ एक तऱ्हेनें, ठुमरीची दुसऱ्या तऱ्हेनें करणारा तबलजी याहून वेगळें काय करतो?

आतां हें सारें तबकडींत कसें उतरलें तें पाहूं; किंवा खरें म्हणजे, कसें उतरलें नाहीं.

एप्रिल १९२३ च्या ५ व ६ तारखांस ऑलिव्हरच्या मेळाचें पहिलें ध्वनिमुद्रण झालें. स्थळ इंडियाना प्रांतांतील रिचमंड हें लहान गांव, कंपनी जेनेट. ही कंपनी म्हणजे स्टार नांवाच्या पियानोच्या कारखान्याची शाखा. ध्वनिमुद्रणाची खोली कारखान्याच्या आवारांत, आणि शेजारून लोहमार्ग. गाडी आली कीं काम थांबवावें लागे. त्या काळीं इंडियानांत कु क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या द्वेषमूलक संघटनेचा मोठा जोर होता. पैसे मिळाल्यावर जेनेट कंपनी त्या संघटनेच्या गाण्यांच्याही तबकड्या छापून देई. एकाच कारखान्यांतून दोन्ही प्रकारचा माल बाहेर पडे. व्यापाराला रंगाचें वावडें नसतें तें असें.

विजेवर चालणारा ध्वनिग्राहक अद्याप आलेला नव्हता. एक मोठा कर्णा, त्याच्या अरुंद टोंकाशीं पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि सुईखालीं फिरणारी मेणाची जाड तबकडी, एवढाच सरंजाम. वाद्यांनीं हवा हले, हवेनें पडदा हले, पडद्यानें सुई हले आणि मेणांत नागमोडी रेघ कोरली जाई. आवाज लहानमोठा करण्याचा एकच उपाय: माणसाला कर्ण्याजवळ किंवा कर्ण्यापासून दूर उभें करणें. लुईचा आवाज इतका दणदणीत कीं, त्याला बारा-पंधरा फूट मागें एका कोपऱ्यांत उभें केलें, असें लिल सांगत असे. पण ढोलाला मागें ठेवूनही भागण्यासारखें नव्हतें. मोठ्या ढोलाच्या एका घावासरशीं सुई रेघेंतून उसळे आणि मेण फुकट जाई. म्हणून तो वर्ज्य. तारांच्या ढोलावरही बंधन. ज्याच्या भोंवतीं इतकीं वाद्यें मांडलेलीं असत, त्या बेबीच्या हातीं मुख्यत्वें राहिले लांकडी ठोकळे. आपल्याकडील त्या काळच्या तबकड्या ज्यांनीं ऐकल्या असतील त्यांना डग्ग्याचा घुमारा कसा हरवून जातो हें ठाऊक आहे. येथें तर वाद्यच हरवलें. क्रिओल जाझ बँडच्या तबकड्या ऐकून पुष्कळांनीं त्या काळच्या जाझमध्यें ढोलाचें काम असें ठोकळ्यांच्या टकटकीएवढेंच होतें, असा समज करून घेतला. तो समज यंत्रानें निर्माण केलेला आहे.

‘डिपरमाउथ ब्लूज’ या तबकडींत एका ठिकाणीं सगळीं वाद्यें थांबतात आणि कोणीतरी मोठ्यानें ओरडून उत्तेजन देतो. हें ओरडणें पुढें इतकें प्रसिद्ध झालें कीं, ती चाल वाजवणारे सगळेजण त्याच जागीं ओरडूं लागले. बेबीनें त्याचें रहस्य सांगितलें आहे. ती जागा मुळांत त्याची होती. अपरिचित खोली, समोर कर्णा, मनावर दडपण. आणि ऐन वेळीं आपण काय वाजवावयाचें तें तो साफ विसरला. बँजोवाल्या बिल जॉन्सननें प्रसंगावधान राखून आरोळी ठोकली आणि पोकळी भरून काढली.

कीर्ति झाली, तबकड्या खपल्या, आणि मेळ मात्र फुटला. मिळालेल्या रकमेंतून ऑलिव्हर सोबत्यांना त्यांचा पुरा वांटा देत नाहीं, अशी शंका आल्यावरून भांडण झालें आणि डॉड्स बंधु बाहेर पडले. जॉनीबरोबर बेबी शिकागोच्याच केलीज स्टेबल्स नांवाच्या ठिकाणीं वाजवूं लागला.

१९२५ पासून विजेचें ध्वनिमुद्रण सुरू झालें. मे १९२७ मध्यें लुई आर्मस्ट्राँगनें ‘हॉट सेव्हन’ या नांवाखालीं ज्या तबकड्या केल्या, त्यांत दोघेही डॉड्स बंधु आहेत. जाझच्या इतिहासांतील अत्यंत मोलाचा ठेवा म्हणून त्या आज मानल्या जातात. पण ढोल तेथेंही मागेंच. त्यांपैकीं ११ मे रोजीं वाजविलेल्या ‘मेलन्कली ब्लूज’चें नशीब मात्र थोर. १९७७ सालीं ‘व्हॉयेजर’ हीं दोन यानें अवकाशांत सोडण्यांत आलीं, तेव्हां पृथ्वीवरील ध्वनींची एकेक सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी त्यांजबरोबर पाठविण्यांत आली. तींत ही चीज आहे, आणि तींतच आमच्या गोमंतकांतील केरी गांवच्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवीही आहे. ऑलिव्हरच्या मेळांत कर्ण्यापुढें अंग चोरून बसणारा बेबी आणि मैफलीचें तेज जपणाऱ्या केसरबाई, हे दोघे सूर्याच्या प्रभावक्षेत्रापलीकडे एकाच तबकडींत प्रवास करीत आहेत, हा योगायोग आपल्याकडे अजून फारसा कोणाच्या ध्यानांत आलेला दिसत नाहीं.

त्याच वर्षीं जूनमध्यें जेली रोल मॉर्टन या पियानोवादकाबरोबर व्हिक्टर कंपनीसाठीं त्यानें तबकड्या केल्या. त्यांतील कांहींमध्यें बोकडाचें बेंबटणें आणि तरसाचें हंसणें घातलेलें आहे. तें गिऱ्हाइकाच्या हौसेखातर, आणि माझ्या मतें टाकाऊ. पण पियानो, क्लॅरिओनेट व ढोल एवढ्या तिघांनींच वाजविलेली ‘वुल्व्हरीन ब्लूज’ अवश्य ऐकावी. दोन भाऊ आणि तिसरा मॉर्टन. गर्दी नाहीं, त्यामुळें बेबीचा हात कांहीं अंशीं तरी उघडा दिसतो.

लिंकन गार्डन्स आणि केलीज स्टेबल्स येथें ऐकावयास येणाऱ्यांत शिकागोचीं कांहीं गोरीं पोरें असत. डेव्ह टफ, जॉर्ज वेटलिंग आणि जीन क्रूपा हीं त्यांतलीं. तीं डोळे लावून बेबीचे हात पाहत. डिसेंबर १९२७ मध्यें क्रूपा एका मेळाबरोबर ध्वनिमुद्रणासाठीं गेला तो आपले सगळे ढोल घेऊन. सुई उडेल म्हणून कंपनीचा माणूस घाबरला. परंतु ढोल गालिचांवर ठेवून प्रयोग करण्यांत आला आणि सुई जागेवर राहिली. मोठा ढोल तबकडींत आणण्याचा मान तेव्हांपासून क्रूपाला देण्यांत येतो. पुढें बेनी गुडमनच्या मेळांतून तो अमेरिकेचा सर्वांत लोकप्रिय ढोलवादक झाला आणि १९३८ सालीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहांत गाजला. आपण हें बेबीपासून उचललें, असें तो मोकळेपणें सांगे. हा त्याचा चांगुलपणा. पण ज्यानें शिकविलें तो या वेळीं काय करीत होता? १९२९ नंतरच्या मंदींत नृत्यगृहें बंद पडलीं होतीं. भावांच्या मोटारगाड्यांच्या धंद्यांत बेबी मदत करी, आणि मिळेल तेव्हां लहानसहान ठिकाणीं वाजवी. मंदी येण्यापूर्वीच्या तबकड्यांत तर कित्येकदां त्याच्या हातीं ढोलही नव्हता; कपडे घांसण्याची पत्र्याची फळी घेऊन तिच्यावर त्यानें ताल धरिला आहे. त्या फळीची खरखर यंत्राला चाले. हातांची अक्कल तीच, म्हणून त्या तबकड्याही सुरेख आहेत.

जून १९४० मध्यें जॉनी व बेबी यांनीं डेक्का कंपनीसाठीं दोन चिजा वाजविल्या. दोन महिन्यांनीं, ८ ऑगस्टला, जॉनी वारला. परसांतल्या चरबीच्या डब्यापासूनची साथ संपली. सप्टेंबरांत सिडनी बेशे आणि अर्ल हाइन्स यांबरोबर बेबीनें ‘ब्लूज इन थर्ड्स’ ही चीज केली. क्लॅरिओनेट, पियानो आणि ढोल, हीच तिघांची मांडणी पुन्हा; फक्त क्लॅरिओनेट दुसऱ्याच्या ओठीं. तिच्यांत बेबी अगदीं कमी वाजवितो.

यानंतर दैव थोडें फिरलें. १९३९ सालीं ‘जाझमेन’ नांवाचा एक ग्रंथ निघाला आणि जुन्या वादकांचा शोध सुरू झाला. बंक जॉन्सन हा दांत गेल्यामुळें वाजवणें सोडून बसलेला म्हातारा खेड्यांत सांपडला. सिडनी बेशेचा भाऊ दंतवैद्य होता, त्यानें कवळी करून दिली, आणि बंक पुन्हा वाजवूं लागला. १९४४ च्या उन्हाळ्यांत विल्यम रसेल या संशोधकानें न्यू ऑर्लिन्सच्या एका सभागृहांत बंकच्या मेळाचें ध्वनिमुद्रण केलें, तेव्हां ढोलावर बेबी होता. आतां खोलीही मोठी, यंत्रही सुधारलेलें, आणि मुद्रण करणारा ढोल ऐकूं यावा अशी इच्छा बाळगणारा. १९४५ च्या शरद ऋतूंत हा मेळ न्यूयॉर्कला आला. तेथें १९४६ सालीं मोझेस ॲश यांनीं बेबीला एकट्यालाच ध्वनिग्राहकापुढें बसविलें. ना कॉर्नेट, ना क्लॅरिओनेट. तो आपल्या साध्या आवाजांत एकेक बोल समजावून सांगतो आणि मग वाजवून दाखवितो: ही थरथर, हा ठोकळा, ही मिरवणुकींतली चाल. ‘मेरीलँड’ ही कूच त्यानें केवळ ढोलांवर अशी वाजविली आहे कीं, नसलेले कर्णे ऐकूं येतात. पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर तेवीस वर्षांनीं त्याचे सगळे ढोल तबकडींत आले. ही तबकडी १९५१ सालीं फोकवेज कंपनीनें प्रसिद्ध केली. १९८७ नंतर त्या कंपनीचा सारा संग्रह स्मिथसोनियन संस्थेच्या स्वाधीन झाला, आणि त्यामुळें ती आजही सहज मिळते.

१९४८ मध्यें मेझ मेझरोच्या मेळाबरोबर तो फ्रान्सला गेला. नीस येथें जाझचा महोत्सव होता. तेथील लोक शांत बसून ऐकतात, याचें त्याला फार अप्रूप वाटलें. परत आल्यावर पुढच्याच वर्षीं पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्यें दुसरा, १९५२ मध्यें तिसरा. तरीही जमेल तेवढें तो १९५७ पर्यंत वाजवीत राहिला. हात चालेनासे झाले त्या काळांत लॅरी गॅरा या इतिहासाच्या अध्यापकापुढें बसून त्यानें आपली हकीकत सांगितली, ती गॅरानें लिहून घेतली. १४ फेब्रुवारी १९५९ रोजीं शिकागो येथें त्याला मृत्यु आला, आणि ‘द बेबी डॉड्स स्टोरी’ हें पुस्तक त्याच वर्षीं छापून निघालें. चरबीच्या डब्याची आणि आईच्या खुर्च्यांची गोष्ट त्यांतलीच.